किसागोतमीची मोहरी



आजच्या पाठासाठी किसागोतमीची कथा घेतली आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी ती आज प्रथमच वाचली तरी हरकत नाही. कथा लहान आहे. परंतु तिचा अर्थ नीट लावला नाही, तर घरातल्या आजारी माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ती सावकाश समजून घेऊ.

मी शाळामास्तर आहे. मुलांच्या तोंडी हल्ली चित्रपटांतल्या सुपरहिरोंच्या गोष्टी असतात. त्यांतली एक गोष्ट नावे बदलून पुन्हा पुन्हा येते. वीराचे प्रिय माणूस मरणाच्या दारात असते. दूर कोठेतरी एक जादूचा मणी असतो, नाहीतर एखादी वनस्पती असते. वीर संकटे ओलांडून ती वस्तू आणतो आणि मरणारे माणूस उठून बसते. ही गोष्ट आजची नव्हे. रामायणात लक्ष्मणासाठी हनुमान वनस्पतींचा डोंगरच उचलून आणतो. आजच्या इराकच्या भूमीत मातीच्या पाट्यांवर लिहिलेले गिल्गमेश राजाचे काव्य सापडले आहे. एंकिडू हा जिवलग मित्र मरतो, तेव्हा गिल्गमेश मरणावरचा उपाय शोधत जगाच्या टोकापर्यंत जातो. तारुण्य परत देणारी वनस्पती त्याला पाण्याच्या तळाशी मिळते, पण परतीच्या वाटेवर एक साप ती खाऊन टाकतो. माणूस जेथे जेथे राहिला तेथे तेथे त्याने ही इच्छा गोष्टीत घातली आहे. आपले माणूस मरू नये, ही ती इच्छा. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अशा गोष्टी ऐकलेले एखादे मूल मग विचारते, "गुरुजी, बुद्धांनी त्या बाईचे बाळ जिवंत का नाही केले? डोंगर आणणारा मोठा, की मोहरी मागणारा मोठा?" हा प्रश्न मुलांचाच आहे असे समजू नका. घरातले मूल तापाने फणफणते, रात्र सरता सरत नाही, तेव्हा मोठ्यांच्या मनातही तोच प्रश्न उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेले हात त्या रात्री गंड्यादोऱ्याकडे वळतात की दवाखान्याकडे, येथेच आपल्या धम्माची परीक्षा होते.

कथा अशी आहे

श्रावस्ती नगरीत गोतमी नावाची एक स्त्री होती. अंगाने कृश, म्हणून तिला किसागोतमी म्हणत. पाली भाषेत 'किस' म्हणजे कृश. ती गरीब घरची होती. अट्ठकथेत असे सांगितले आहे की, गरीब घरची म्हणून सासरी तिला कोणी विचारीत नसे, तिचा पाणउताराच होई. पुढे तिला मुलगा झाला आणि तिला घरात मान मिळू लागला. मुलगा चालूखेळू लागला आणि तेवढ्यात मरण पावला.

भगिनींनो, येथे थोडे थांबा. गोतमीचे काय काय गेले ते पाहा. पोटचा गोळा गेला, आणि ज्याच्यामुळे घरात माणूस म्हणून जागा मिळाली होती तो आधारही गेला. ज्या घरात सुनेची किंमत मुलावर ठरते, त्या घरात मूल मेले की आईही अर्धी मरते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटते, ती यामुळेच.

गोतमीने मरण कधी पाहिले नव्हते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार फिरू लागली आणि माझ्या बाळाला औषध द्या म्हणून विनवू लागली. लोक तिला वेडी म्हणाले. मेलेल्याला कोठे औषध असते काय, असे म्हणून कोणी हसले. एका शहाण्या माणसाला मात्र तिची दया आली. ही बाई वेडी नाही, हिला दुःख सोसवत नाही, हे त्याने ओळखले आणि तिला तथागतांकडे पाठविले.

तथागतांनी तिला हाकलले नाही. उपदेशही केला नाही. त्यांनी तिला चिमूटभर पांढरी मोहरी आणायला सांगितली. अट एकच घातली. ज्या घरात कोणी कधी मेलेले नाही, अशाच घरातली मोहरी हवी.

गोतमी आशेने निघाली. पहिल्याच घरी मोहरी मिळाली. पण तिने विचारले, या घरात कोणी गेले आहे काय? कोठे बाप गेला होता, कोठे मुलगी, कोठे नवरा. दुसरे घर, तिसरे घर, असे करता करता दिवस गेला. मोहरी प्रत्येक घरात होती. मरण न शिवलेले घर मात्र एकही नव्हते. मग तिच्या ध्यानात आले की, आपलेच मूल गेले असे आपण समजत होतो. साऱ्या नगरीचे हेच आहे. तिने बाळाला नगराबाहेर नेऊन ठेवले आणि रिकाम्या हाताने ती तथागतांकडे परतली. मोहरी मिळाली काय, असे त्यांनी विचारले तेव्हा तिने सांगितले की, आता मोहरीचे काम उरले नाही. पुढे ती भिक्खुणी झाली. जाडेभरडे चीवर वापरणाऱ्या भिक्खुणींमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. थेरीगाथेत तिच्या नावावर गाथा आहेत. त्यांच्या आरंभी तिने कल्याणमित्रांच्या संगतीची थोरवी गायिली आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

मोहरीच का मागितली?

आपल्याकडे मूल किरकिर करू लागले की मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकतात. मोहरी तडतडली की दृष्ट लागली होती असे म्हणतात. चुलीत टाकलेली मोहरी तडतडणारच. फोडणीतही ती तडतडते, तेव्हा भाजीला कोणाची दृष्ट लागलेली असते? पण मागच्या कित्येक पिढ्या मोहरीकडे जादूची वस्तू म्हणूनच पाहात आल्या.

तथागतांनी मागितली ती हीच स्वयंपाकघरातली मोहरी. दुर्मीळ मणी मागितला असता, तर गोतमी जन्मभर तो शोधत राहिली असती आणि मणी मिळाला नाही म्हणून मूल गेले असेच समजत राहिली असती. प्रत्येक घरात सापडणारी वस्तू मागितल्यामुळे अडचण वस्तूची नाही हे तिला कळले. बुवाबाजी नेमके याच्या उलट करते. ती मिळायला कठीण अशी वस्तू मागते. अमावास्येची रात्र, काळी कोंबडी, उलट्या पिसांचा कोंबडा. वस्तू आणली आणि गुण आला नाही, तर वस्तूत खोट निघते, विधीत चूक निघते, आणणाऱ्याचा भाव कमी पडतो. बुवा कधीच खोटा ठरत नाही.

दुसरे असे की, तथागतांनी घातलेली अट कुळाची नव्हती, जातीची नव्हती. अमुक घरात जा, तमुक घरात जाऊ नको, असे त्यांनी सांगितले नाही. ज्या माणसांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. उंच वाड्यात आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीत मरण सारखेच शिरते. माणसे समान आहेत हे ज्या शास्त्रांनी मानले नाही, त्यांनाही मरणापुढे ते मानावे लागते.

कथेचा चुकीचा अर्थ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काही जण या कथेवरून असे म्हणतात की, मरण अटळ आहे, जे व्हायचे ते होते, मग धावाधाव कशाला? कोणी हे वैराग्य समजतो, तर कोणी दवाखान्याचा खर्च टाळण्यासाठी तोंडाने धम्म बोलतो. हा अर्थ साफ चुकीचा आहे.

कथा पुन्हा वाचा. तथागतांनी मोहरी आणायला कोणाला सांगितले? जिचे मूल मेलेले होते तिला. आजारी मुलाच्या आईला त्यांनी अशी मोहरी शोधायला पाठविले नाही. मूल श्वास घेत असताना दारोदार फिरून मरणाचे तत्त्वज्ञान ऐकणे, याला धम्म म्हणता येणार नाही. श्वास आहे तोवर उपचार, श्वास थांबल्यावर सत्याचा स्वीकार, हा क्रम आहे. तो उलटा केला की अनर्थ होतो. बुवाच्या नादी लागलेला मनुष्य तो उलटाच करतो. मूल जिवंत असते तेव्हा उपचार करीत नाही आणि मूल गेल्यावर ते गेले हे मान्य करीत नाही.

आजाऱ्यासाठी तथागतांनी काय केले?

याचे उत्तर विनयपिटकातील महावग्गात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारात फिरत असता तेथे आले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत, असे तो म्हणाला. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर निजविले. नंतर भिक्खूसंघाला एकत्र करून सांगितले की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा होय, असा त्या उपदेशाचा भाव आहे.

तेथेच चांगल्या शुश्रूषा करणाराचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय चालते व काय चालत नाही, हे त्याला कळावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर प्रेमाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये. योग्य वेळी धम्माच्या गोष्टी बोलून रोग्याला धीर द्यावा. रोग्यानेही आपला आजार आहे तसा सांगावा, औषध घ्यावे, पथ्य पाळावे, असे तेथे सांगितले आहे. या यादीत मंत्र नाही, ताईत नाही, उतारा नाही. डॉक्टरापासून आजार लपवू नये, हे आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिता येईल इतके ताजे आहे.

जीवक वैद्याची गोष्टही महावग्गातच आहे. राजगृहात टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यकी शिकला. शेवटी गुरूने त्याच्या हाती कुदळ देऊन सांगितले की, तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक सगळीकडे फिरून रिकाम्या हाताने आला. औषधाच्या उपयोगाची नाही अशी एकही वनस्पती त्याला दिसली नाही. गुरू म्हणाला, तुझे शिक्षण पुरे झाले.

दोघांचा शोध शेजारी शेजारी ठेवून पाहा. गोतमीही फिरली, जीवकही फिरला. दोघेही रिकाम्या हाताने आले आणि दोघांनाही ज्ञान झाले. मरणावर औषध नाही हे गोतमीला कळले. रोगावर औषधे पायाखाली आहेत, पण ती ओळखण्यासाठी सात वर्षे अभ्यास करावा लागतो, हे जीवकाने दाखविले. धम्माला ही दोन्ही सत्ये मान्य आहेत. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी किसागोतमीच्या सांत्वनाची कथा आणि रुग्णांविषयीच्या तथागतांच्या काळजीचे प्रकरण एकापाठोपाठ ठेवले आहे. आपणही ही दोन प्रकरणे एकाच बैठकीत वाचावीत.

मीठ, साखर आणि पाणी

आता आपल्या काळातले एक उदाहरण घेऊ. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगला देशातून, लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांत पटकीची साथ पसरली. पटकीत जुलाब व उलट्यांवाटे शरीरातले पाणी आणि क्षार इतक्या झपाट्याने जातात की, मनुष्य काही तासांत दगावू शकतो. त्या काळी शिरेतून सलाइन देणे हाच मुख्य उपचार होता. सीमेजवळच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. रोगी जमिनीवर दाटीने पडलेले, सलाइनचा साठा संपत आलेला. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजणारे कोण? रोग्यांचे आईबाप, भाऊबहिणी. आधी तेथे शेकडा सुमारे ३० रोगी दगावत होते. हे पाणी सुरू केल्यावर मरणाचे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. डॉ. महालनबीस २०२२ साली कोलकाता येथे निधन पावले. त्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, पण पडद्यावरच्या सगळ्या सुपरहिरोंनी मिळून वाचविली नसतील इतकी माणसे या साध्या पाण्याने जगभर वाचविली आहेत.

यात जादू नाही. जुलाब लागलेल्या आतड्याला नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरेसे शोषून घेता येत नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली की आतडे दोन्ही एकदम आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून शोधून काढले, म्हणून ते उपयोगी पडले.

घरातल्या सर्वांनी हे पाठ करून ठेवावे. दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये. घोट घोट, पुन्हा पुन्हा पाजावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. जुलाब लागले म्हणून पाणी तोडणे, ही जुनी समजूत जीवघेणी आहे. मूल मलूल पडले, पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी वेळ न घालविता दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

म्हणजे काय झाले? मीठमोहऱ्यांतले मीठ उतरून चुलीत टाकले तर फुकट जाते. तेच मीठ साखरेबरोबर पाण्यात पडले तर जीव वाचतो. वस्तू तीच आहे, फरक ज्ञानाचा आहे. यालाच प्रज्ञा म्हणतात. आणि रात्रभर जागून चमच्याचमच्याने ते पाणी पाजणे, याला करुणा म्हणतात. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावरही हेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष मिळते. ते मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आले आहे. मंत्राने विष उतरले असे जे दिसते, त्याचे कारण पुष्कळदा साप बिनविषारी असतो किंवा दंशात विष उतरलेलेच नसते. कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य बहुधा वाचत नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगावे.

दोष कोणाचा?

जादूच्या उपायाचे आणखी एक विष आहे. उपाय लागू पडला नाही की दोषी शोधला जातो. करणी कोणी केली? दृष्ट कोणाची लागली? मग बोट जाते ते एखाद्या विधवेकडे, मूल नसलेल्या बाईकडे, एकट्या म्हातारीकडे. घरात नव्या आलेल्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरविले जाते. मूल तर गेलेलेच असते. त्याच्या पाठीमागे एका जिवंत बाईचेही आयुष्य उद्ध्वस्त होते.

गोतमीचे काय झाले ते याच्याशी ताडून पाहा. तीही दारोदार गेली. प्रत्येक दारात तिला कोणी वैरीण भेटली नाही, आपल्यासारखीच दुःख सोसलेली बाई भेटली. भगताच्या सांगण्याने गेली असती, तर त्याच घरांपैकी एखाद्या घराशी तिने जन्मभराचे वैर धरले असते. तथागतांनी तिला अशा रस्त्याने पाठविले की, सारी श्रावस्ती तिची दुःखातली नातलग झाली. मूल परत आले नाही हे खरे, पण ती एकटी राहिली नाही. मुलांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. डोंगर आणणारा गोष्टीत एका लक्ष्मणाला उठवितो. मोहरी मागणाऱ्याने दुःखाने वेडी झालेली एक खरी आई शहाणी केली, आणि त्यासाठी कोणाशी खोटे बोलावे लागले नाही.

दुःख आल्यावर

परमपूज्य बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी पाचपैकी चार अपत्ये गमावली. तीन मुलगे आणि एक मुलगी. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. रमाई स्वतः २७ मे १९३५ रोजी गेल्या. ज्या महापुरुषाने आपल्याला हा धम्म दिला, त्याच्याही घरातून गोतमीला मोहरी मिळाली नसती. तेव्हा ज्या घरात मूल गेले आहे, त्या घराने असे मुळीच समजू नये की, आपण जुने देव सोडले म्हणून कोप झाला. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात असे काही घडले की नातेवाईक हेच कानात सांगतात. त्यांना शांतपणे विचारा, ज्यांनी देव सोडले नाहीत त्यांच्या घरी कोणी मरत नाही काय? हीच तथागतांची मोहरी आहे. ती आपल्याही हाती आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पण पिंड सोडला म्हणजे दुःखी घराला सोडले असे होऊ नये. त्या घरी जावे. त्रिसरण, पंचशील घ्यावे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा ठेवावा. कर्ज काढून जेवणावळ घालण्याची गरज नाही. त्या दिवशी त्या घराची चूल आपण पेटवावी. मूल गेलेल्या आईला "रडू नको" असे सांगण्याची घाई करू नये. तथागतांनीही गोतमीला गप्प बसविले नाही; दिवसभर फिरू दिले. आणि काही महिने गेल्यावर, सगळे जण विसरल्यावर, पुन्हा एकदा त्या घरी जावे. गोतमीने गाथेत ज्या कल्याणमित्रांची थोरवी गायिली, ते आपणच व्हायचे आहे.

धम्मवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. तथागतांनी गोतमीला तुझे मूल मेले आहे असे प्रथमच का सांगितले नाही?

२. मोहरीऐवजी दुर्मीळ वस्तू आणायला सांगितली असती तर काय झाले असते?

३. शुश्रूषा करणाराचे पाच गुण सांगा. आपल्या घरात आजाऱ्याची सेवा करण्याचे काम कोणावर पडते? ते एकट्या बाईवरच का पडावे?

४. मीठसाखरेच्या पाण्याचे प्रमाण घरातल्या प्रत्येकाने न पाहता सांगावे. लहान मुलांनीही.

५. आपल्या वस्तीत गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी दुःख झाले? त्यांच्याकडे आपण शेवटचे केव्हा गेलो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. या पौर्णिमेपर्यंत त्या घरी जाऊन या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.